मामांच्या हातचं

माझ्या मामांइतकं पद्धतशीर घाबरणारा माणूस अख्ख्या खान्देशात दुसरा सापडायचा नाही. साधी माणसं संकट आलं की घाबरतात. मामा पंधरा दिवस आधीपासून घाबरायला लागतात, म्हणजे ते आलंच तर आपली तयारी असावी. नोकरीची तीसेक वर्षं त्यांनी वरणगावच्या दारूगोळ्याच्या फॅक्टरीत तपासणी विभागात काढली. तिथे खिशात काडेपेटी न्यायची सोय नव्हती, आणि एकाने तपासलेली वस्तू दुसऱ्याने तपासल्याशिवाय पुढे सरकत नसे. निवृत्तीनंतर फॅक्टरी मागे राहिली, नियम मात्र मामांबरोबर जळगावच्या घरी आले. गॅसचं बटण ते तीनदा बघतात: एकदा डोळ्यांनी, एकदा हाताने आणि एकदा रिक्षात बसल्यावर परत उतरून. एकदा जामनेरला लग्नाला गेले असताना ऐन मंगलाष्टकांत त्यांना वाटलं की गॅस चालूच राहिला. हातातल्या अक्षता शेजारच्या माणसाच्या हातावर ओतून ते एसटीने जळगावला आले. गॅस बंद होता. तो नीट बंद आहे की नाही हे कळावं म्हणून त्यांनी आधी चालू करून पाहिला, मग बंद केला, आणि परत जामनेरला गेले. तोवर वऱ्हाड जेवून आडवं झालं होतं. मामींनी रुमालात बांधून ठेवलेले दोन लाडू त्यांनी मांडवाच्या खांबाला टेकून खाल्ले आणि म्हणाले, "चला, एक काम झालं."

माझी आई ही मामांची एकुलती एक धाकटी बहीण. लहानपणी तिला सांधे सुजून ताप आला होता, त्या तापाने तिच्या हृदयाची झडप खराब झाली, आणि मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला असताना ती गेली. त्या तापाच्या वेळी मामा अकरा वर्षांचे होते. अकरा वर्षांच्या मुलाने यात काय करायला हवं होतं ते मला अजून कळलेलं नाही, पण मामांच्या हिशेबी तो ताप त्यांच्या लक्षात यायला हवा होता. तेव्हापासून आमच्या घराण्यात काळीज कच्चं आहे, हे मामांचं ठाम मत. मी जिना चढून आले की ते आधी माझ्या ओठांचा रंग बघत आणि मग "ये" म्हणत.

मला दिवस गेले तेव्हा मी धुळ्याला शाळेत शिकवत होते. पहिलं बाळंतपण माहेरी, आणि आई गेल्यापासून माझं माहेर म्हणजे मामांचंच घर. सातवा लागला तसे मामा मला न्यायला गाडी करून धुळ्याला आले. गाडीत तीन उशा, एक लोड आणि पाण्याच्या चार बाटल्या होत्या. ते स्वतः पुढे ड्रायव्हरशेजारी बसले, आणि रस्त्यात खड्डा दिसला की हात आडवा धरत. मामा एरवी घरात आणि बाजारात शुद्ध मराठी बोलतात. घाबरले की अहिराणीत शिरतात. त्या दिवशी पारोळ्यापर्यंत ते पूर्ण अहिराणीत गेले होते. "धीरे चाल, भाऊ. पोटमा माणूस शे." ड्रायव्हर बिचारा बैलगाडीच्या वेगाने चालवत होता. एरंडोलच्या अलीकडे एका सायकलवाल्याने आम्हाला मागे टाकलं, तेव्हा ड्रायव्हर म्हणाला, "आबा, मंग तुम्हीच बसा इथं." मामांनी त्यावर खरोखर थोडा विचार केला.

जळगावला पोचल्यावर माझ्या खाण्याचा ताबा मामांनी घेतला. मामी स्वयंपाकाला होत्याच, पण काय शिजवायचं आणि मी काय प्यायचं हे मामांकडे. मामांबरोबर सकाळी फिरायला येणाऱ्या मंडळींपैकी दोघा-तिघांच्या हृदयात स्टेंट बसवलेले होते, आणि हृदयासाठी काय चांगलं याची मोबाइलवरची सगळी विद्या तिथे एकमेकांना वाटली जाई. मामांनी ती यादी पाठ केली. ती माणसं सत्तरीची, मी तिशीची आणि पोटुशी, हा फरक त्यांना फरक वाटलाच नाही. उलट ते म्हणाले, "त्यांच्याकडे एकेकच हृदय आहे. आपल्याकडे दोन. म्हणजे सगळं दुप्पट." फॅक्टरीत सुरक्षेच्या बाबतीत दुप्पट केल्याने कधी कोणाचं नुकसान झालं नव्हतं.

सकाळी उठल्याबरोबर मोठ्या स्टीलच्या पेल्यात ग्रीन टी, तोही तीन पुड्यांचा, कारण एका पुडीने पाण्याला नुसता रंग येतो असं मामांनी तपासून ठरवलं होतं. दहा वाजता काळ्या द्राक्षांचा रस, बियांसकट वाटलेला, कारण खरा गुण बियांत. दुपारी अंगणातल्या जास्वंदीच्या फुलांचा लालभडक चहा. चारला कडू काळं चॉकलेट. ते मुंग्या लागू नयेत म्हणून तुरीच्या डब्यात पुरलेलं असे आणि त्याला डाळीचा वास येई. संध्याकाळी हळद आणि दालचिनीचा काढा, आणि झोपायच्या आधी पुन्हा ग्रीन टी. भरीत बंद, शेवभाजी बंद, ठेच्याचं तर नाव काढायचं नाही. मी पेला रिकामा करेपर्यंत मामा समोर उभे राहत आणि रिकामा झाल्यावर उजेडाकडे धरून तळ बघत. मामी म्हणत, "त्या पोरले जरा दम लेवू द्या." मामा मागे वळले की मामी माझ्या हातात कळण्याच्या भाकरीचा तुकडा आणि नखाएवढा ठेचा ठेवत, आणि जास्वंदीचा चहा खिडकीतून जास्वंदीलाच ओतत. पण हे आठवड्यातून एखाद्या वेळी. बाकी सगळं मी पीत होते.

आणि इथे एक कबूल करायला हवं. मी ते सगळं मामांच्या धाकाने पीत होते असं मी नंतर पुष्कळांना सांगितलं. ते अर्धंच खरं आहे. मला आईचे शेवटचे महिने आठवत होते, तिचं उशीला टेकून बसून झोपणं आठवत होतं. आपल्या पोटातल्याला तसलं काही नको, एवढी एकच गोष्ट मला रात्रंदिवस हवी होती. मामा पेला घेऊन आले की तोंड मी वाकडं करायची, पण आतून बरं वाटायचं की कोणीतरी काहीतरी करतंय. शिकलेली बाई मी, शाळेत मुलांना "प्रश्न विचारा" म्हणून सांगते. माझ्या डॉक्टरीणबाईंना एकदा विचारावं, हे मला सुचलं नाही. घरचं खाणं ते, त्यात विचारायचं काय?

आठव्या महिन्याच्या सोनोग्राफीत मशीनवरचे डॉक्टर एकाच जागी फार वेळ थांबले. मग म्हणाले, बाळाच्या हृदयाची उजवी बाजू जरा मोठी वाटते, लहान मुलांच्या हृदयाच्या डॉक्टरांना दाखवून घ्या. मामा बाहेर बाकावर होते. मी त्यांना सांगितलं तेव्हा त्यांनी माझी पिशवी माझ्या हातातून घेतली. घरी आल्यावर ते ग्रीन टी करायला स्वयंपाकघरात गेले, आणि त्या संध्याकाळी मला दोन पेले मिळाले.

हृदयाच्या डॉक्टर म्हणजे एक लहानखुऱ्या, शांत बाई होत्या. धुळ्याहून नवऱ्याला सुट्टी मिळाली नव्हती, म्हणून माझ्याबरोबर मामा आत आले. बाईंनी बराच वेळ पोटावरून यंत्र फिरवलं, मग मला उठवून बसवलं आणि विचारलं, "कंबर दुखते, डोकं दुखतं म्हणून कुठल्या गोळ्या घेतल्या का? दुखणं थांबायच्या?" मी नाही म्हटलं. मामांना तर प्रश्नच लागला. ते म्हणाले, "मॅडम, आमच्याकडे मनाने गोळी कोणी घेत नाही." बाई म्हणाल्या, "बरं. मग खाणं-पिणं काय चाललंय?"

या प्रश्नाची मामा दोन महिने वाट बघत होते. ते खुर्चीत ताठ झाले. सदऱ्याचं वरचं बटण लावलं. आणि वरिष्ठांपुढे अहवाल द्यावा तसं त्यांनी सकाळपासून झोपेपर्यंतचं सगळं, वेळेसकट आणि मापासकट सांगितलं. तीन पुड्या. बिया वाटून. सात फुलं. चार तुकडे. सांगताना त्यांचा चेहरा मला दिसत होता. गेल्या दोन महिन्यांत पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. बाईंनी निम्म्यातच लिहायचं थांबवलं होतं. त्या म्हणाल्या, "हे रोज?" मामा म्हणाले, "रोज. एक दिवस खाडा नाही."

बाईंनी कागद ओढला आणि त्यावर चित्र काढून समजावलं. पोटातलं बाळ फुप्फुसांनी श्वास घेत नसतं. म्हणून त्याच्या हृदयातून फुप्फुसांकडे निघालेलं बरंचसं रक्त एका छोट्या नळीतून बाजूने निघून शरीराकडे जातं. ही नळी बाळ जन्मल्यावर आपोआप बंद होते, तशी ती व्हायलाच हवी. पण आमच्या बाळाची आत्ताच अरुंद व्हायला लागली होती, आणि त्याचा भार उजव्या बाजूवर पडत होता. काही दुखण्यावरच्या गोळ्यांनी असं होतं. आणि ग्रीन टी, काळी द्राक्षं, कडू चॉकलेट, असले काढे यांत जो गुण आहे म्हणून लोक ते घेतात, तोच गुण शेवटच्या तीन महिन्यांत फार झाला तर या नळीला आवळू शकतो. "यातलं काहीच विष नाही," बाई म्हणाल्या. "एखादा कप, चार द्राक्षं, काही बिघडत नाही. पण इतकं सगळं, रोज, एकत्र... हेच कारण आहे असं मी छातीठोक सांगणार नाही. पण आजपासून हे बंद. दोन आठवड्यांनी परत बघू. बहुतेक वेळा नळी पुन्हा मोकळी होते."

"आणि नाही झाली तर?" मी विचारलं.

"तर बाळाला लवकर बाहेर काढायचा विचार करावा लागेल. आत्ता तो विचार नको."

मग मामा बोलले. खालच्या आवाजात, बाईंकडे न बघता, टेबलावरच्या त्या चित्राकडे बघत. "बठ्ठं मी दिधं. तिन्हा काही दोष नही." सगळं मीच दिलं, असं ते सांगत होते; बाईंना अहिराणी येत होती की नाही कोण जाणे. त्या म्हणाल्या, "दोषाचं काही नाही, काका. तुम्ही सगळं नीट सांगितलंत म्हणून मला कळलं. अर्धे लोक सांगतच नाहीत." मामांनी मान हलवली, पण ते वाक्य त्यांच्यापर्यंत पोचलं नव्हतं. परतताना रिक्षा भरधाव निघाली, दोन गतिरोधकांवर आम्ही आदळलो, आणि मामा रिक्षावाल्याला एक शब्द बोलले नाहीत. तेव्हा मला खरी भीती वाटली.

ते पंधरा दिवस कोणाच्याही वाट्याला येऊ नयेत. पहिल्याच दिवशी मी जेवत असताना मामा दारात येऊन उभे राहिले, नुसतं माझ्या ताटाकडे बघत होते, आणि माझा ताबा सुटला. मी म्हटलं, "मामा, आता तरी माझ्या ताटाकडे बघू नका. पुरे झालं तुमचं." बोलल्याबरोबर मला कळलं की आपण काय बोललो. शब्द परत घेण्याइतकी मोठी मी तेव्हा झाले नाही. बाळाची भीती होती, राग कुठेतरी काढायचा होता, आणि मामा समोर होते.

त्या दिवसापासून मामांनी स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडला नाही. माझी जेवायची वेळ झाली की ते उठून अंगणात जात. थोड्या वेळाने खिडकीखालून विचारत, "जेवनी का?" मामी आतून "हो" म्हणत. जास्वंद त्यांनी बुंध्यापासून छाटली. मामी म्हणाल्या, "त्या झाडनं काय चुकनं?" मामा छाटलेल्या फांद्या गोळा करत राहिले. चॉकलेट, ग्रीन टीचे डबे, दालचिनी, सगळं एका पिशवीत घालून त्यांनी ते घराबाहेर ठेवलं, मग कोणी चुकून उचलून कुणा गरोदर बाईला देईल म्हणून परत आत आणलं, आणि शेवटी खड्डा खणून पुरलं. मला पाणी हवं असलं तरी ते मामींना हाक मारत. स्वतःच्या हाताने मला पाणीसुद्धा द्यायला ते धजत नव्हते.

डॉक्टरांनी बाळाच्या हालचालींवर लक्ष ठेवायला सांगितलं होतं, तेवढं एक काम मामांना उरलं. ते माझ्या खोलीच्या बाहेर पाठमोरे बसत आणि दर अर्ध्या तासाने विचारत, "हालनं का?" मी "हो" म्हटलं की सुस्कारा ऐकू येई. एका दुपारी जेवणानंतर बराच वेळ काही हाललं नाही. मी डाव्या कुशीवर झाले, पाणी प्यायले, पोटावर हात ठेवून वाट पाहिली. बाहेरून "हालनं का?" आलं आणि मी गप्प राहिले. पुढच्या क्षणी मामा अनवाणी रस्त्यावर होते. चैत्राचं जळगावचं ऊन, डांबर तापलेलं, आणि हा सत्तरीला आलेला माणूस चप्पल न घालता रिक्षा शोधत धावत होता. ते रिक्षा घेऊन दारात आले तेवढ्यात आतून एक सणसणीत लाथ बसली. मी खिडकीतून ओरडून सांगितलं. मामा पायरीवर बसले ते बसलेच. रिक्षावाल्याला काय झालं ते कळेना. मामींनी त्याला चहा दिला आणि मामांच्या तळपायांना खोबरेल तेल लावलं. मी आत पडून ऐकत होते. उठून बाहेर जावं, त्यांच्याजवळ बसावं असं फार वाटलं. गेले नाही. बाळाचं काय ते कळल्याशिवाय मला कोणाशीच चांगलं वागता येत नव्हतं.

दुसऱ्या तपासणीला मामा आले, पण आत यायला तयार होईनात. व्हरांड्याच्या टोकाला भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. आत बाईंनी यंत्र फिरवलं, पुन्हा फिरवलं, आणि हसल्या. नळी मोकळी झाली होती. उजव्या बाजूवरचा ताण पुष्कळ उतरला होता. मी चपला घालायचं विसरून बाहेर गेले आणि सांगितलं. मामांचा विश्वास बसेना. एकाने तपासलेलं दुसऱ्याने तपासायला हवं. बाई भल्या, त्यांनी मामांना आत बोलावून पडद्यावर पुन्हा दाखवलं. करड्या धुक्यात काहीतरी लुकलुकत होतं. मामांनी चष्मा काढला, पुसला, लावला. "हाई मोकळं शे?" बाई म्हणाल्या, "मोकळं आहे, काका." मामा म्हणाले, "मग ठीक आहे," आणि तिथल्याच स्टुलावर बसून हमसून रडले. मी माझ्या आईच्या वेळीही त्यांना असं रडताना पाहिलं नव्हतं.

मुलगी पूर्ण दिवसांची झाली. जन्मल्यावर बाईंनीच तिचं हृदय तपासलं आणि "आता हिला माझ्याकडे आणायची गरज नाही" म्हणाल्या. मी मामांची माफी मागितली, तेव्हा ते "कशाची?" म्हणून झोळीची दोरी तपासायला निघून गेले. दोरी त्यांनी तीनदा तपासली. मला वाटलं, चला, माणूस परत जागेवर आला.

सहा महिन्यांनी धुळ्याला आमच्या घरी उष्टावण केलं. बाळाला पहिला घास मामाने भरवायचा. मला भाऊ नाही, म्हणून हा मान मामांचाच, यावर कोणाचं दुमत नव्हतं. मुलगी मामांच्या मांडीवर, वाटीत खीर, वाटीत सोन्याची अंगठी, सगळे भोवती बसलेले. मामांनी अंगठीने थेंबभर खीर उचलली आणि हात अर्ध्यावर थांबला. कोणीतरी म्हणालं, "भरवा ना, आबा." मामा माझ्याकडे बघत होते. म्हणाले, "बाई, हिले देऊ का?"

मला वाटतं, मी केलेल्या सगळ्या गोष्टींची शिक्षा मला त्या प्रश्नात मिळाली. मी म्हटलं, "द्या, मामा. तुम्हीच द्या." त्यांनी ती अंगठी तिच्या ओठांना नुसती लावली, मुंगीचंही भागलं नसतं इतकी खीर. पोरीने जीभ फिरवली, दोन्ही हातांनी त्यांचं बोट धरलं आणि ते चोखायला लागली. सोडीचना. मामा वाकून तसेच बसून राहिले, आणि किती वेळ तरी कोणी त्यांना हलवलं नाही.

ती आता तीन वर्षांची आहे. जळगावला गेली की दिवसभर मामांच्या मागे असते, आणि मामा तिला अंगणात, गच्चीवर, बाजारात सगळीकडे घेऊन हिंडतात. पण तिने केळं मागितलं तरी ते आधी मला फोन करतात. मी वर्गात असले तरी उचलते. "बाई, अर्धं केळं देऊ का?" मी "द्या" म्हणते, आणि ते "बरं" म्हणून, जणू मी त्यांच्यावर उपकार केले अशा आवाजात फोन ठेवतात. एकदा, एकदाच त्यांनी मला न विचारता तिच्या हातावर काहीतरी ठेवावं, आणि ती ते खाईपर्यंत समोर उभं राहावं, असं मला फार वाटतं.